प्रश्न चौथा, गुण पंधरा

लातूर. मे महिना. मूल्यांकन केंद्राच्या हॉलमध्ये
कूलरला वाळ्याचा वास, टाकीत पाणी अर्धंच.
माझ्यापुढं एम. ए. मराठीचा गठ्ठा.
प्रश्न चौथा: अभिजात नाटकांतील भय आणि उन्माद
यांचे सौंदर्य सोदाहरण स्पष्ट करा.

एकाच गाइडातून उतरलेली उत्तरं.
राजा वेलींना पत्ता विचारतो,
राणी स्वप्नाला भिते, पडद्यामागं मृदंग.
कुणी ‘विभ्रम’चं ‘विक्रम’ केलंय,
मी गोल करतो आणि पान उलटतो.

सत्ताविसावा पेपर.
नंबरावर बारकोड. नाव नाही, गाव नाही.
दोन पानं गाइड, रसचर्चा अगदी शुद्ध:
भय हा स्थायी भाव.
उन्माद संचारी, लाटेसारखा येतो, जातो.
इथं पेन थांबलेलं दिसतं.
शाईचा ठिपका मुगाएवढा.
आणि मग,

‘सर, आमच्या घरी हे उलटं आहे.
उन्माद स्थायी आहे.
भय संचारी. सोजरआत्या झोपली की जातं,
कडी वाजली की येतं.

राजाला वेड लागतं तेव्हा आभाळ गडगडतं.
आत्याला लागलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते,
चांगलं ऊन होतं.
ती करडईची भाजी निवडत होती.
उठली, आणि कॅलेंडर
भिंतीकडं तोंड करून टांगलं.
म्हणाली, लाल आकडे बघलालेत माझ्याकडं.
आम्ही हसलो.
मी पण हसले, हे लिहायला पाहिजे.

बाहेरचं आहे म्हणून देवाला नेलं. सात अमावस्या.
धूर, लिंबू, केस धरून झुलवणं.
चौथ्या वर्षी सरकारी दवाखाना,
दर गुरुवारी, निलंग्याहून पहिली एसटी, खोली नंबर नऊ.
गोळीनं जीभ जड होते.
नाटकात जिभेला काही होत नाही,
वेडी माणसं दोन दोन पानं बोलतात.
आत्या दिवसातून चार वाक्यं बोलते.
त्यातलं एक ठरलेलं: पोरी, दार लाव.

सौंदर्य मला सापडलं नाही.
या पेपरासाठी मी राणीचं भाषण
मोठ्यानं पाठ करत होते, तेव्हा
आत्या भाकरी थापायची थांबली.
म्हणाली, हिला कुणी गोळी देईनात का?
हा प्रश्न एकाही टीकाकारानं विचारलेला नाही.’

खाली दोन ओळी सोडल्यात.
समारोप नाही.

माझ्याकडं नमुना उत्तर आहे:
व्याख्या तीन, उदाहरणं आठ, समारोप चार.
आत्याला यात कुठं बसवू?
पेन्सिलीनं समासात ‘विषयांतर’ लिहिलं.
खोडलं. कागद तिथं पातळ झाला.

चष्म्याच्या घरात माझी रात्रीची अर्धी गोळी असते.
सतरा वर्षं.
सतरा वर्षं मी हाच धडा शिकवतोय,
फळ्यावर ‘उन्मादाची काव्यात्मता’ लिहितो,
खाली दुहेरी रेघ मारतो,
डावा हात खिशात ठेवतो, थरथरलेला दिसू नये म्हणून.
मुलं म्हणतात, सरांची ऐट बघा.

चहा आला. शेजारचे धायगुडे म्हणाले,
एका पेपरावर एवढा वेळ?
अक्षर लागत नाही, म्हणालो.
अक्षर मोत्यासारखं होतं.

परीक्षकानं लाल पेन वापरावं असा नियम आहे.
मी उठून मॉडरेटर बाईंच्या टेबलाशी गेलो.
तुमचं हिरवं द्या जरा.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं, दिलं.

आकडा लिहिला. बारीक.
पेपर पालथा घातला गठ्ठ्यात,
तोंड खाली करून.

अठ्ठाविसावा.
राजा वेलींना पत्ता विचारतो.